तंजावरचा मराठा राजवाडा : अर्धा दिवस घालवावा का? (सोबत आईबाबा आणि लेक)

नाइलाजाने_पुणेकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण तमिळनाडूला चाललोय, मी, नवरा, माझे आईबाबा आणि १० वर्षांची लेक. त्रिचीला उतरून तंजावर, मग कुंभकोणम, मग चिदंबरम असा बेत आहे. तंजावरला पूर्ण असा एकच दिवस मिळतोय. मोठं देऊळ (बृहदीश्वर) बघायचंच आहे त्यावर वाद नाही, वाद आहे तो राजवाड्यावर.

नेटवर रिव्ह्यू वाचले तर निम्मे लोक म्हणतात पोपडे उडालेत, कबुतरं घाण करतात, आत तीन-चार ठिकाणी वेगवेगळी तिकिटं काढायला लावतात आणि बघायला काही नाही. नवऱ्याने ते स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकले आणि लिहिलं "देऊळ करून सरळ कुंभकोणम". इथपर्यंत ठीक होतं पण आमचे बाबा रिटायर झाल्यावर मोडी शिकलेत, म्हणजे नुसता क्लास केला असं नाही, घरात बोरू आहे, भिंग आहे, आजोबांच्या वेळच्या जमिनीच्या कागदांच्या झेरॉक्स जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या असतात आणि आईने त्याला रीतसर हरकत घेतलेली आहे. तर बाबांच्या डोक्यात बसलंय की तंजावरला मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) पडलेत आणि ते "एक तरी रुमाल सोडून बघणार". त्यांना वाटतंय जायचं, सांगायचं मी पुण्याहून आलोय, आणि कोणीतरी कपाट उघडून देणार.

तर प्रश्न असे की राजवाडा खरंच इतका वाईट आहे का, मोडी कागद सामान्य माणसाला बघायला मिळतात का, १० वर्षांच्या पोरीला कंटाळा येईल का आणि आईचे गुडघे दुखतात तर जिने किती आहेत. प्लीज खरं सांगा, ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात.

बॅगपॅक_बंड्या

मी त्या निम्म्या लोकांपैकीच आहे, स्पष्ट बोलतो. आम्ही आदल्या दिवशी मैसूर बघून तंजावरला गेलो हीच चूक झाली. मैसूरचा आत्ताचा राजवाडा म्हणजे जुना १८९७ ला जळाल्यावर नव्याने बांधलेला, १९१२ ला पुरा झालेला, रंगीत काचा, सोनेरी खांब, रविवारी दिवे बिवे. ते डोक्यात ठेवून इथे आलो तर एक कमान, मग मोकळं अंगण, मग वरती जाणारा अंधारा जिना, मग पुन्हा अंगण, आणि आपण नेमके आत आलोय का मागच्या दाराने बाहेर पडलोय हेच कळेना. दरबार हॉलचे खांब आणि कमानी मात्र रंगवलेल्या आहेत आणि तो रंग जुना झालाय ते उलट छान वाटतं, पण बायको म्हणाली आपल्याकडचे वाडे असेच पडायला आलेत त्यासाठी इतक्या लांब कशाला.

एक सांगतो, आर्ट गॅलरी चुकवू नका. चोळांच्या काळातली ब्राँझं आहेत. त्यात एक शंकर आहे, तिरुवेंगाडूचा, साधारण १०११ सालचा, डोक्याला सापांचं पागोटं गुंडाळल्यासारखी जटा, आणि एक हात असा बाजूला टेकवलेला. टेकवलाय नंदीच्या पाठीवर पण नंदीच हरवलाय. हजार वर्षं तो माणूस हवेवर रेलून उभा आहे आणि चेहऱ्यावर जराही फरक नाही. मी मूर्तीबिर्तीतला नाही पण तिथे दहा मिनिटं उभा होतो. तेवढ्यासाठी तिकीट वसूल. बाकी राजवाडा म्हणाल तर पास.

जिने आहेत. मनोरे चढायचे नसतील तर गुडघ्यांना फार त्रास नाही, चालणं मात्र बरंच.

रायर_मामा

नमस्कार. मी जन्माने तंजावरचा, आता चेन्नईत असतो. आमच्या घरात अजून मराठी बोलतात, पण ती तुम्हाला ऐकायला विचित्र वाटेल, तीनशे वर्षांपूर्वीची मराठी आणि मध्ये मध्ये तमिळ. शाळा तमिळमध्ये झाली, देवनागरी आली ती हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांमुळे, आणि ही तुमच्यासारखी मराठी मी इंटरनेटवर शिकलो, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. तमिळ लोक आम्हाला रायर म्हणतात, नावापुढे राव असतं म्हणून.

बंड्याभाऊंचा राग समजतो. पण तुम्ही राजवाडा बघायला गेलात आणि तिथे राजवाडा हीच सगळ्यात कमी महत्त्वाची वस्तू आहे. मुळात बांधला नायकांनी, म्हणजे मराठ्यांच्या आधीच्या इथल्या राजांनी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, इकडे एकोजी म्हणतात, त्यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि नायकांच्याच वाड्यात राहायला गेले, वर आपलं थोडं बांधलं. म्हणून तुम्हाला धड नकाशा सापडत नाही. ते घर एकाने बांधलं, दुसऱ्याने वाढवलं, तिसऱ्याने भाड्याने दिलं अशातलं आहे. आणि भोसल्यांचे वंशज अजून त्यातल्या एका भागात राहतात, तेव्हा कुठलं दार बंद दिसलं तर ठोठावू नका.

आता खरी गोष्ट. सरफोजीराजे दुसरे, गादीवर १७९८ ते १८३२. यांना राज्य असं मिळालंच नाही. १७९९ च्या तहात कंपनीने सगळा मुलूख घेतला, राजांकडे किल्ला आणि आजूबाजूचा थोडा भाग, आणि पेन्शन. लढाई नाही, वसुली नाही, वय बावीस. अशा माणसाने काय करावं? दुसऱ्या कोणी असता तर हत्ती आणि नाचगाणी. यांनीही नाचगाणी सोडली नाहीत, पण पुस्तकं जमवली. नायकांच्या काळापासूनचा जो ग्रंथसंग्रह होता तो यांनी इतका वाढवला की आज सरस्वती महाल यांच्या नावाने ओळखतात. काशीयात्रेला गेले तिथूनही पोथ्या आणल्या. धन्वंतरी महाल काढला, तिथे वैद्यही होते आणि इंग्रजी औषधंही. डोळ्यांच्या रोग्यांचे केसपेपर ठेवले, प्रत्येकाच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून घेतलेलं, ते कागद अजून आहेत आणि आत्ताच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यावर अभ्यास केलाय. १८०५ च्या आसपास वाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि इसापनीती मराठीत छापली. सन बघा. तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती.

म्हणून भिंतींचे पोपडे बघू नका, सरस्वती महालाचं छोटं म्युझियम बघा. तुमच्या मुलीला तिथे कंटाळा येणार नाही. चार्ल्स ल ब्रं म्हणून फ्रेंच चित्रकार होता त्याची चित्रं आहेत, माणसांचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी शेजारी, बैलासारखा माणूस, घुबडासारखा माणूस. मुलं तिथे उभी राहून हा आपला काका, हा आपला सर असं करत बसतात, मी स्वतः केलंय. चिनी शिक्षांची चित्रं पण आहेत, तिथून मुलीला जरा पटकन पुढे न्या. ताडपत्रांवरचं बारीक अक्षर आहे. आणि मनोऱ्यांच्या बाजूला एका देवमाशाचा सांगाडा आहे, राजवाड्यात देवमासा कशाला हे विचारू नका, समुद्रावर वाहून आलेला इथे आणून ठेवला.

खाण्याचं पण सांगतो. कोणी रायर घरात जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. रसवांगी आणि डांगर पच्चडी विचारा. डांगर म्हणजे तुमचंच डांगर, उडदाचं, फक्त दह्यात.

नाइलाजाने_पुणेकर

मामा, हे वाचून बाबांनी फोन हातातून काढून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवलं सगळ्यांना, नवरा "हो बघू" वर आलाय. ते सांबार संभाजीराजांवरून पडलं म्हणतात ते खरं का? लेकीला शाळेत सांगायचंय.

रायर_मामा

ती गोष्ट आमच्याकडेही सगळे सांगतात. तंजावरच्या शहाजीराजांच्या (व्यंकोजींचे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे वडील नव्हेत) मुदपाकखान्यात आमटीला कोकम नव्हतं म्हणून चिंच घातली, पाहुणे संभाजीराजे, म्हणून सांबार. गोष्ट म्हणून सांगा, कागद मात्र आजवर कोणी दाखवला नाही मला. पिटलै नावाचं आमच्याकडे एक कालवण असतं, त्यात तुमचं पिठलं ऐकू येतं की नाही बघा, मला तरी ते सांबारापेक्षा जास्त पटतं.

हरिपूर_रोड

मी सांगलीचा. एवढं सगळं तंजावर तंजावर चाललंय तर एक गोष्ट मुद्दाम कोणी काढत नाहीये, मीच काढतो म्हणजे नंतर भांडण नको. आमच्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत सीता स्वयंवर केलं आणि ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन म्हणून आपण साजरा करतो. आणि तंजावरला शहाजीराजांनी (व्यंकोजींचे चिरंजीव, १६८४ ला गादीवर) लक्ष्मीनारायण कल्याण हे मराठी नाटक त्याच्या दीडशे वर्षं आधी लिहिलेलं सरस्वती महालात आहे. मराठीच काय, त्यांनी तेलुगूतही लिहिलं. कॉलेजात असताना सरांनी हे सांगितलं तेव्हा वर्गात आम्ही सांगलीकरांनी निषेध म्हणून बाकं वाजवली होती.

आता वय झालं, पटतं. तरी माझं म्हणणं असं की ते दरबारातच राहिलं आणि भाव्यांचं दरबारात सुरू होऊन पुढे गावोगावी गेलं, तिकीट लावून, परंपरा इथून चालू झाली, तिकडची नाटकं तिकडेच राहिली. राजवाड्यात गेलात तर संगीत महालात जरा थांबा. काही वेळा बंद असतो, पण उघडा असेल तर मध्ये उभं राहून टाळी वाजवून बघा.

बॅगपॅक_बंड्या

संगीत महालात आम्ही गेलो तेव्हा बंद होता. मला वाटतं माझा दिवसच खराब होता.

काळाकोट_९

वकील आहे, थोडं विषयांतर. लॉ कॉलेजला ॲक्ट ऑफ स्टेट शिकवताना एक केस असते, सेक्रेटरी ऑफ स्टेट विरुद्ध कामाची बोये साहेबा, १८५९, प्रिव्ही कौन्सिल. आम्ही ती घोकली, परीक्षेत लिहिली, पास झालो. या कामाची बोये कोण हे आम्हाला सरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, मला तर बरीच वर्षं ते कुठल्यातरी ब्रह्मी बाईचं नाव वाटत होतं. कामाक्षीबाई! तंजावरच्या शेवटच्या राजांची, शिवाजीराजांची (सरफोजींचे चिरंजीव) राणी. राजे १८५५ ला वारले, मुलगा नव्हता, कंपनीने राज्य खालसा केलं आणि राज्याबरोबर वाड्यातली खासगी मिळकतही ताब्यात घेतली. बाई गप्प बसल्या नाहीत, मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला आणि जिंकल्या. पुढे लंडनला प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला, म्हणाले ही राज्यसत्तेची कृती आहे, न्याय असो अन्याय असो कोर्ट त्यात पडू शकत नाही. खासगी मालमत्ता नंतर १८६२ ला सरकारनेच घराण्याला परत केली.

माझं सांगणं इतकंच की त्या वाड्यात फिरताना जी भांडी, तलवारी, पुस्तकं, खुर्च्या दिसतील त्यांची एकेकाळी सील ठोकून यादी झालेली आहे. मी तिथे गेलो तेव्हा बायकोला हे सगळं उभ्याने ऐकवलं, ती म्हणाली दुपारचे दोन वाजलेत.

बोरू_आणि_टाक

मोडीचा प्रश्न तसाच राहिला म्हणून लिहिते. मी अभ्यासाच्या कामासाठी सरस्वती महालात काही दिवस बसले आहे.

काकांना आधीच सांगा, म्हणजे तिथे जाऊन वाईट वाटणार नाही. रुमाल सोडून मिळणार नाही. लोकांना बघायला असतं ते म्युझियम, आणि ग्रंथालय वेगळं. आत बसून हस्तलिखित बघायचं तर आधी पत्र, कामाचं स्वरूप, परवानगी हे सगळं लागतं, आणि ते रास्तच आहे, ताडपत्राला आणि जुन्या कागदाला प्रत्येक हात लागला की थोडं आयुष्य कमी होतं. मोडीचे गठ्ठे तिथे शेकड्याने आहेत हे काकांचं खरं आहे. दरबारचा रोजचा व्यवहार मराठीत आणि मोडीत चालायचा, कोणाला किती धान्य, कुठल्या अन्नछत्रात किती पानं उठली, औषधाला काय आणलं, नाचणाऱ्यांना काय दिलं. मला स्वतःला त्या पोथ्यांपेक्षा हे हिशेब आवडतात. पोथी लिहिणारा पुढच्यांनी वाचावं म्हणून लिहितो, हिशेब लिहिणारा फक्त आज संध्याकाळी घरी जायला मिळावं म्हणून.

दोन गोष्टी करता येतील. ग्रंथालयाने स्वतः छापलेली पुस्तकं विक्रीला असतात, त्यात मराठीही असतात, देवनागरीत, ती मागून घ्या. जुन्या प्रती असल्या तर किंमत फारच कमी असते. बॅगेत जागा ठेवा.

दुसरी गोष्ट राजवाड्यात नाहीच. मोठ्या देवळाच्या आवारात जी चारी बाजूंची भिंत आहे तिच्या नैऋत्य कोपऱ्याकडे जा. सगळे लोक विमानाकडे (गाभाऱ्यावरच्या उंच शिखराकडे) माना वर करून बघत असतात, त्या कोपऱ्यात शुकशुकाट असतो. तिथे सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास दगडावर कोरून घेतलाय. मराठीत, देवनागरीत. जगातल्या सर्वात लांब कोरीव लेखांपैकी एक म्हणून त्याचं नाव घेतात. मोडी नाहीये म्हणून काकांना जरा सोपं वाटेल, पण भाषा जुनी आहे, घाई केली तर हाती लागत नाही. तिथे परवानगी लागत नाही, पत्र लागत नाही, कपाट नाही. फक्त पायात चपला नसतात आणि दुपारी फरशी तापते, तेव्हा मोजे घेऊन जा.

देऊळ दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतं ते चारला उघडतं. म्हणून सकाळी देऊळ, दुपारी राजवाडा, चारनंतर परत देऊळ. म्युझियमची सुट्टी आणि जेवणाची वेळ निघायच्या आधी फोन करून विचारा, हे दर वेळी मी वेगळंच ऐकलंय.

नाइलाजाने_पुणेकर

ताई खूप खूप थँक्स. रुमाल मिळणार नाही हे बाबांना मी सांगणार नाही, तुमची पोस्टच दाखवते.

रायर_मामा

बोरूताईंनी शिलालेखाचं बरोबर सांगितलं, मी विसरलो होतो. लहानपणी आम्ही त्याच भिंतीला टेकून दहीभात खाल्लाय. पुण्याच्या काकांना वेळ उरला तर किल्ल्यात शिवगंगेजवळ श्वार्ट्झ यांचं चर्च आहे तेही दाखवा. जर्मन पाद्री, सरफोजीराजांचे लहानपणीचे गुरू. आत फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराने संगमरवरात कोरलंय, श्वार्ट्झ मरणाला टेकलेत आणि राजे भेटायला आलेत. हिंदू राजाने पाद्र्यासाठी लंडनहून मागवलेलं.

नाइलाजाने_पुणेकर

(जानेवारी)

आलो परत. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना रिपोर्ट देणं भाग आहे.

सकाळी देवळात पोचायला उशीर झाला कारण ठरवलेला गाडीवाला नाश्त्याला म्हणून जो गेला तो पाऊण तासाने आला. साडेदहाला आत. आई आणि नवरा विमान बघत राहिले, बाबा सरळ नैऋत्य कोपरा. मी पाच मिनिटांनी मागे गेले तर बाबा भिंतीपासून वीतभर अंतरावर, हात मागे बांधून, ओठ हलतायत. मला म्हणाले श्री ओळखीचा आहे पुढचं माझ्याकडे सोड. लेक पण लागली वाचायला, तिला सुटी अक्षरं येतात ना, ती आपली "रा" "जे" करत भिंतीवरून चालत सुटली. बारा पंचविसला शिट्टी वाजवत सगळ्यांना बाहेर काढायला लागले तोवर बाबांचं किती झालं असेल, तर म्हणाले व्हायचंय अजून, चार हातसुद्धा झालं नाही.

दुपारी राजवाडा. बंड्या, पोपडे आहेत, कबुतरं आहेत, आणि तिकिटं वेगवेगळी काढावी लागली, तुझं सगळं खरं. नंदी नसलेला शंकर बघितला. आई तिथल्या बाकावर बसली आणि म्हणाली तुम्ही या फिरून, मी आणि हा आहोत इथे. ल ब्रंच्या चित्रांत लेकीला तिच्या गणिताच्या बाई सापडल्या (कुठला प्राणी ते सांगत नाही). देवमासा बघून तिने जो प्रश्न विचारला तोच मामांनी विचारू नका म्हटला होता. संगीत महाल उघडा होता!! नवऱ्याने टाळी वाजवली. मग गाणं म्हटलं. मग एका तमिळ कुटुंबाने त्याला थांबवलं.

बाबांनी म्युझियममध्ये एका काचेपाशी उभं राहून तिथल्या माणसाला मोडी, मोडी असं खुणेने विचारलं, त्याने हसून मान हलवली आणि पुस्तकांच्या काउंटरकडे बोट दाखवलं. सात पुस्तकं घेतली. माझ्या चपला आणि नवऱ्याचा स्वेटर हातात धरून यावं लागलं इतकी बॅग भरली.

सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडून उभे. बाबांनी पण जोडले. आईने फोटो काढला त्यात दोघं एकमेकांना नमस्कार करतायत.

चारला परत देवळात. कुंभकोणम अंधार पडल्यावर गाठलं. नवरा काही बोलला नाही, कारण तोच भिंतीचे फोटो काढत होता, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, १४० झाले. आता रोज रात्री बाबा टीव्हीला फोन जोडून ते मोठे करून वाचतात, टेबल मोकळं झालंय पण टीव्ही गेला. चाळिसाव्या फोटोत एक शब्द अडलाय, तीन दिवस झाले, बाबा म्हणतात दगडच फुटलाय आणि लेक म्हणते तो ळ आहे. बोरूताई, इथे फोटो टाकला तर बघाल का?

बोरू_आणि_टाक

टाका. शेजारची दोन्ही अक्षरं पण येऊ देत, एकटं नको.

रायर_मामा

मलाही दिसू दे. ळ असेल तर मुलीला माझ्याकडून एक मान हलवणारी बाहुली.